मुंबई-नागपूर : विमानाचे दीड तास आणि दारापासून दारापर्यंतचा हिशेब

मुंबई ते नागपूर अंतर किती, असा प्रश्न चार जणांना विचारला तर चार उत्तरे मिळतात. रेल्वेतला कर्मचारी म्हणतो, ८३७ किलोमीटर. समृद्धी महामार्गावर गाडी चालवणारा म्हणतो, ७०१. विमानाचा मार्ग आखणारा सांगतो, सरळ रेषेत सुमारे ६८५. आणि ज्याला गावाकडून आईच्या आजारपणाचा निरोप आला आहे, तो किलोमीटर सांगतच नाही. तो विचारतो, "आता निघालो तर किती वाजता पोहोचेन?" आमच्या मते या चौघांत खरा प्रश्न त्या चौथ्याचाच होय.

वाचक बंधुभगिनींनो, मुंबईच्या चेंबूर, घाटकोपर, वरळी, कुर्ला, कल्याण अशा वस्त्यांतून विदर्भाशी नाते असलेली कितीतरी कुटुंबे राहतात. नागपूरच्या इंदोऱ्यात बहीण, मुंबईत भाऊ. वर्ध्याला आईवडील, अंबरनाथला मुलगा. १४ ऑक्टोबरला आणि अशोक विजयादशमीला मुंबईकर दीक्षाभूमीकडे निघतो आणि ६ डिसेंबरला नागपूरकर चैत्यभूमीकडे. हे प्रवास ठरलेले असतात, त्यांची तयारी महिनाभर आधी होते. परंतु आजारपण आणि मयत तारीख सांगून येत नाहीत. अशा वेळी घरात गोंधळ उडतो. कुणी म्हणते विमानाने जा, दीड तासात पोहोचशील. कुणी म्हणते गाडी कर. निर्णय होईपर्यंत दोन तास निघून जातात. सबब हा हिशेब शांत डोक्याने आधीच करून ठेवावा, म्हणून हा लेख.

एकच प्रवास, तीन अंतरे

रेल्वेचा मार्ग सरळ नाही. ती ठाणे, कल्याणवरून कसाऱ्याचा घाट चढते, नाशिक, मनमाड, भुसावळ करीत अकोला, बडनेरा, वर्धा या वाटेने नागपूर गाठते. घाट टाळता येत नाही आणि मोठी गावे सोडता येत नाहीत, म्हणून अंतर वाढते. ग्रेट इंडियन पेनिन्सुला रेल्वेचे रूळ १८६७ साली नागपूरला पोहोचले. हा मार्ग कापसाच्या प्रदेशातून नेण्यात इंग्रजांचा स्वार्थ होता, हे उघड आहे. आजही आपण मुख्यतः त्याच वाटेने जातो.

समृद्धी महामार्ग नव्याने आखला, म्हणून तो पुष्कळसा सरळ आहे. त्याचा नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला आणि इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा ५ जून २०२५ रोजी. मात्र आमणे हे भिवंडीजवळ आहे. ७०१ किलोमीटर तिथे संपतात, प्रवास संपत नाही. तिथून चेंबूर किंवा वरळी गाठायला मुंबईची वाहतूक ओलांडावी लागते.

विमानाला घाट नाही आणि गावही नाही. त्याचे अंतर सर्वांत कमी. पण येथेच आपली समजूत फसते.

दीड तास म्हणजे नेमके काय?

प्रवासी जेट विमान वर पोहोचले की ताशी आठशे किलोमीटरहून अधिक वेगाने जाते. त्या वेगाने ६८५ किलोमीटरला पन्नास मिनिटे पुरायला हवीत. मग वेळापत्रकात दीड तासाच्या आसपास वेळ का लिहिलेली असते?

कारण वेळापत्रकातील वेळ हवेतल्या प्रवासाची नसते. विमान आपल्या जागेवरून हलते तेव्हापासून ते दुसऱ्या विमानतळावर जागेवर येऊन थांबते तोपर्यंतची ती वेळ असते. मुंबईला सांताक्रूझच्या जुन्या विमानतळावर दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी साधारणतः एकीवरूनच काम चालते. विमानांची रांग लागते. पुढे वर चढायला वीस मिनिटांच्या आसपास आणि उतरायलाही तितकाच वेळ लागतो, व त्या काळात वेग कमी असतो. एवढ्या छोट्या प्रवासात विमान पूर्ण वेगाने जेमतेम अर्धा तास उडते. नागपूरहून मुंबईला येताना कधी कधी उतरण्याची पाळी येईपर्यंत आकाशात घिरट्या घालाव्या लागतात. हे सारे धरूनच कंपनी दीड तास लिहिते.

छोट्या पंख्यांच्या विमानाचा वेग आणखी कमी, ताशी पाचशे किलोमीटरच्या आसपास असतो. १६ एप्रिल २०२५ रोजी मुंबई-अमरावती विमानसेवा सुरू झाली, ती अशाच विमानाने. अमरावती मुंबईला नागपूरपेक्षा जवळ असूनही विमानाला वेळ कमी लागत नाही, त्याचे कारण हे.

वाऱ्याचाही थोडा भाग असतो. वर्षाचा बराच काळ आपल्या भागात उंचावरचे वारे पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतात. त्यामुळे मुंबईहून नागपूरला जाताना वारा पाठीशी असतो आणि येताना तोंडावर. पावसाळ्यात उंचावरचे वारे उलट दिशेने वाहू लागतात. एवढ्या अंतरात फरक काही मिनिटांचाच पडतो. मुले विचारतील तर त्यांना आणखी एक गोष्ट सांगावी. नागपूर मुंबईच्या पूर्वेला सहा अंशांहून थोडे अधिक आहे. एका अंशाला चार मिनिटे, म्हणजे सूर्य नागपूरच्या माथ्यावर मुंबईच्या सुमारे पंचवीस मिनिटे आधी येतो. घड्याळ दोन्हीकडे एकच असते, पण बहिणीच्या अंगणात ऊन भावाच्या आधी येते.

नागपूरचे आकाश

विमान आणि नागपूर यांचा संबंध जुना आहे. १९४९ साली सरकारने रात्रीची हवाई टपाल सेवा सुरू केली. दिल्ली, मुंबई, कलकत्ता आणि मद्रास या चारही शहरांतून रात्री विमाने निघत. मध्यरात्रीनंतर ती नागपूरला एकत्र येत, टपालाच्या थैल्यांची अदलाबदल होई आणि सकाळपर्यंत ज्याची त्याची पत्रे ज्याच्या त्याच्या शहरात पोहोचत. ही चारही शहरे नागपूरपासून सरळ रेषेत हजार किलोमीटरच्या आत आहेत, म्हणून हे जमले. देशाच्या मधोमध असण्याचा हा लाभ.

बाबासाहेब ११ ऑक्टोबर १९५६ रोजी धम्मदीक्षेसाठी दिल्लीहून नागपूरला आले ते विमानाने. सीताबर्डीवरील श्याम हॉटेलात त्यांचा मुक्काम होता. त्याच दिवसांत लाखो माणसे पायी, बैलगाडीने आणि मिळेल त्या रेल्वेने नागपूरकडे येत होती. अंतर सर्वांनीच कापले, पण प्रत्येकाला वेळ निरनिराळी लागली. कुणाला काही तास, कुणाला काही दिवस.

पुढे दोन महिन्यांतच ६ डिसेंबर उजाडला. दिल्लीत महापरिनिर्वाण झाले. दिल्ली-मुंबई हे रेल्वेचे अंतर सुमारे १,३८५ किलोमीटर. त्या काळी वेगवान गाडीलाही एक दिवसाच्या आसपास वेळ लागे. बाबासाहेबांचे पार्थिव त्याच रात्री विमानाने निघाले व ७ डिसेंबरच्या पहाटे सांताक्रूझला उतरले. त्या दिवशी दादरच्या समुद्रकिनारी लाखोंच्या साक्षीने अंत्यसंस्कार झाले. विमान नसते तर हे सारे एक दिवस लांबले असते. वेळेचा हिशेब शोकाच्या प्रसंगी किती मोठा ठरतो, याचे याहून दुसरे उदाहरण आपल्याला नको.

२००५ साली नागपूरच्या सोनेगाव विमानतळाला डॉ. बाबासाहेब आंबेडकर आंतरराष्ट्रीय विमानतळ असे नाव दिले गेले. ज्या विमानतळावर आपल्या बापाचे नाव आहे, त्याच्या दारात पाऊल टाकताना आपल्या माणसाने बुजायचे कारण नाही.

दारापासून दारापर्यंत

आता मुख्य हिशेब. आम्ही कारकुनी पेशातले, तेव्हा रकाने मांडल्याशिवाय आमचे समाधान होत नाही. चेंबूरचे घर ते नागपूरच्या इंदोऱ्यातील घर असा प्रवास धरू.

विमानाने : घर ते विमानतळ १ तास. विमानाच्या आधी तिथे हजर राहायचे २ तास. विमान दीड तास. उतरून सामान घेऊन बाहेर यायला अर्धा तास. विमानतळ ते इंदोरा पाऊण तास. बेरीज पावणेसहा तास.

रेल्वेने : घर ते स्टेशन १ तास, गाडीआधी अर्धा तास. दुरांतोसारखी वेगवान गाडी सुमारे ११ तास, विदर्भ एक्स्प्रेस सुमारे १४ तास. नागपूर स्टेशन ते इंदोरा अर्धा तास. बेरीज १३ ते १६ तास. मात्र त्यातील बराच वेळ झोपेत जातो.

मोटारीने : समृद्धीचे ८ तास, मुंबईतून आमण्यापर्यंत दीड-दोन तास, वाटेत थांबायला किमान एक तास, नागपूर शहरातले अर्धा-पाऊण तास. बेरीज ११ ते १२ तास.

विमानाच्या बेरजेला अंतराने भागून पाहा. सुमारे सातशे किलोमीटर, पावणेसहा तास. ताशी १२० किलोमीटर! आठशेच्या वेगाने उडणारे विमान आपल्या दारापासून मोजले तर १२० च्याच वेगाने जाते. समृद्धीवर मोटारीला हीच कमाल वेगमर्यादा आहे. म्हणून 'दीड तासात पोहोचशील' असे कुणी कुणाला सांगू नये. ऐकणारा तिकडे दोन तासांनी दाराकडे डोळे लावून बसतो.

यातील काही वेळ वाचवता येतो. नागपूर मेट्रोची नारिंगी मार्गिका ११ डिसेंबर २०२२ पासून पूर्ण धावू लागली. तिच्यावर एअरपोर्ट स्टेशनही आहे आणि इंदोरा चौकही. मुंबईत भुयारी मेट्रोचे विमानतळाजवळील स्टेशन ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झाले. रस्त्यावरची कोंडी असेल तेव्हा हे मार्ग उपयोगी पडतात.

निरोप किती वाजता आला, ते पाहा

विमान की रेल्वे, हे बरेचदा घड्याळच ठरवते.

सकाळी आठ-नऊला निरोप आला तर विमानाला तोड नाही. दुपारचे विमान मिळाले तर संध्याकाळपर्यंत घरी पोहोचता येते. रात्रीच्या गाडीची वाट पाहिली तर दुसरा दिवस उजाडतो.

दुपारी चार-पाचला निरोप आला तर मात्र थांबून विचार करा. संध्याकाळच्या विमानात जागा नसेल तर दुसऱ्या दिवशीचे पहाटेचे विमान घ्यावे लागेल. ते सकाळी आठ-नऊपर्यंत घरी पोहोचवते. मुंबईहून रात्री आठच्या सुमारास सुटणारी वेगवान गाडीही सकाळी त्याच सुमारास पोहोचवते. पैसे निम्म्याहून कमी लागतात आणि रात्र विमानतळावर काढावी लागत नाही. चार माणसांच्या कुटुंबाला हा फरक फार मोठा आहे.

रात्री दहानंतर निरोप आला तर रात्रीच्या वेगवान गाड्या निघून गेलेल्या असतात. तेव्हा पहाटेचे विमान हाच उपाय. अशा वेळी लोक मोटार काढतात. येथे आम्हाला हात जोडून सांगायचे आहे, की दुःखाने थकलेल्या, न झोपलेल्या माणसाने रात्री स्टिअरिंग हाती घेऊ नये. १ जुलै २०२३ च्या मध्यरात्रीनंतर बुलडाणा जिल्ह्यात सिंदखेडराजाजवळ समृद्धीवर बस उलटून पेटली आणि २५ प्रवासी होरपळून गेले. सरळ, मोकळ्या रस्त्यावर डोळा लागायला वेळ लागत नाही. एका मयतीला जाताना दुसरे दुःख घरात आणू नये. जायचेच असेल तर दोन चालक घ्या आणि दर दोन तासांनी थांबा.

पैशाचा हिशेब

रेल्वेच्या साध्या शयनयानाचे भाडे काहीशे रुपयांत होते. विमानाचे काही हजारांत, आणि तेही रोज बदलते. ऐन वेळी, सणात किंवा सुट्टीत ते दुपटी-तिपटीवर जाते. डिसेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात एका मोठ्या विमान कंपनीची हजारो उड्डाणे रद्द झाली, भाडी आकाशाला भिडली आणि नेमक्या ६ डिसेंबरला केंद्र सरकारला भाड्यावर तात्पुरती मर्यादा घालावी लागली. ती अंतरावर बांधलेली होती : ५०० किलोमीटरपर्यंत ७,५०० रुपये, ५०० ते १,००० किलोमीटरला १२,००० रुपये आणि त्यापुढे अधिक. आपले मुंबई-नागपूर दुसऱ्या गटात बसते. म्हणजे मर्यादा घातल्यावरही एका माणसाचे एका बाजूचे मूळ भाडे बारा हजारांपर्यंत जाऊ शकत होते. तृतीय किंवा चतुर्थ श्रेणीतल्या कर्मचाऱ्याच्या घरात ही रक्कम सहज निघत नाही.

रेल्वेचे नियमही माहीत हवेत. १ नोव्हेंबर २०२४ पासून आगाऊ आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधी सुरू होते. दीक्षाभूमी आणि चैत्यभूमीला जाणाऱ्यांनी हा दिवस दिनदर्शिकेवर खूण करून ठेवावा. तात्काळचे आरक्षण प्रवासाच्या आदल्या दिवशी उघडते, वातानुकूलित वर्गाचे सकाळी १० वाजता आणि साध्या वर्गाचे ११ वाजता. म्हणजे आजच निघायचे असेल तर तात्काळचा उपयोग नाही. तेव्हा गाडीचा तक्ता लागल्यावर उरलेल्या जागांची चौकशी करावी. ज्येष्ठ नागरिकांची रेल्वे भाड्यातील सवलत मार्च २०२० मध्ये बंद झाली, तेव्हा जुन्या हिशेबावर विसंबू नये. काही विमान कंपन्या ६० वर्षांवरील प्रवाशांना मूळ भाड्यात सवलत देतात, ती मात्र विचारून घ्यावी.

आमची सूचना अशी, की प्रत्येक कुटुंबाने प्रवास निधी ठेवावा. महिन्याला दोनशे रुपये बाजूला टाकले तरी वर्षाला चोवीसशे होतात, पाच वर्षांत बारा हजार. भिशी चालवणाऱ्या आपल्या भगिनींना हे शिकवायला नको. विहाराच्या मंडळानेही असा छोटा निधी ठेवावा आणि गरजू कुटुंबाला परतफेडीच्या बोलीवर द्यावा. वर्गणी काढून मंडप घालणारे आपण, वेळेवर एक तिकीट काढून देऊ शकतो.

घरातील सर्वांना माहीत असावे

तिकिटावरचे नाव आणि ओळखपत्रावरचे नाव एकच हवे. आधार, मतदार ओळखपत्र किंवा तत्सम सरकारी ओळखपत्र जवळ ठेवावे.

विमानाच्या साधारण तासभर आधी सामान घेण्याची खिडकी बंद होते. पाच मिनिटे उशीर झाला तरी कुणी ऐकत नाही.

मुंबईचे विमानतळ आता दोन आहेत. नवी मुंबई विमानतळावरून २५ डिसेंबर २०२५ पासून विमाने सुटू लागली. तिकिटावर बी.ओ.एम. असेल तर जुने विमानतळ, एन.एम.आय. असेल तर नवी मुंबईचे. कल्याणकराने आणि पनवेलकराने हे पाहूनच तिकीट काढावे.

औषधे आणि कागदपत्रे हातातल्या पिशवीत ठेवावीत. मोबाइल चार्ज करण्याची पॉवर बँक आत द्यायच्या सामानात टाकू नये. वृद्धांसाठी चाकाची खुर्ची आधी कळवून मागता येते. त्यात कमीपणा नाही.

विमान रद्द झाले तर दुसऱ्या विमानात जागा किंवा पूर्ण पैसे परत, यातील एक मागण्याचा प्रवाशाला हक्क आहे. हक्क नम्रपणे, पण ठामपणे मागावा.

पार्थिव विमानाने न्यायचे झाल्यास मृत्यूचा दाखला, पार्थिव टिकवण्याची प्रक्रिया केल्याचे प्रमाणपत्र आणि पोलिसांचे ना हरकत पत्र लागते. यात वेळ जातो. रुग्णवाहिका रस्त्याने तेवढ्यात निम्मी वाट कापते. दोन्ही वेळा विचारून मग ठरवावे.

तिकीट काढायला घरातील मुलीला आणि सुनेलाही शिकवावे. घरचा कर्ता रुग्णालयात धावपळीत असतो, तेव्हा घरी बसून तिकीट काढणारे हात तिचेच असतात.

उशिरा आला म्हणून माया कमी नव्हे

शेवटचे एक सांगायचे आहे. मयतीच्या घरी आम्ही ऐकतो, "मोठा विमानाने आला, धाकटा रेल्वेने. बघा कुणाला किती माया!" हे बोलणे अत्यंत चुकीचे आहे. विमानाने येणाऱ्याला पावणेसहा तास लागले, रेल्वेने येणाऱ्याला सोळा. हा फरक पगाराचा आहे, मायेचा नाही. कदाचित धाकटा आरक्षण न मिळाल्याने सामान्य डब्यात दाराशी बसून आला असेल.

म्हणून ज्यांच्या घरी प्रसंग आहे त्यांनी निरोप देतानाच स्पष्ट सांगावे, की अंत्यविधी किती वाजता करणार आणि किती वेळ थांबू शकतो. निघालेल्याने कोणत्या साधनाने आणि किती वाजता पोहोचणार, हे खरे सांगावे. मग दोन्हीकडचा हिशेब जुळतो. जो पोहोचूच शकत नाही त्याच्यासाठी पुण्यानुमोदनाचा दिवस आहे. तेव्हा त्याला मानाने समोर बसवावे, त्याच्याकडून पंचशील म्हणवून घ्यावे आणि 'त्या दिवशी कुठे होतास' असे विचारू नये.

आजच एका कागदावर आपल्या घरापासून गावच्या दारापर्यंतचे तास मांडा, तिन्ही साधनांचे. खाली प्रवास निधीची रक्कम लिहा. तो कागद कपाटाच्या दाराला आतून चिकटवा. तो वापरण्याची वेळ कुणावरही न येवो. पण आली तर हात थरथरत असतानाही वाचता येईल, अशा मोठ्या अक्षरांत लिहा.

जयभीम!